आवाज येतो, शब्द येत नाहीत: सभागृहातली श्रवण-साहाय्य यंत्रणा निवडण्यापासून टिकवण्यापर्यंत

सभागृहांचा साउंड सांभाळायला लागून मला पंचवीसेक वर्षं झाली. त्यातली पहिली पंधरा वर्षं माझी ठाम समजूत होती की कुणाला ऐकू येत नसेल तर फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी, थोडा वर सरकवायचा, काम झालं. एकदा व्याख्यान संपल्यावर तिसऱ्या रांगेतले एक आजोबा मिक्सरपाशी आले. दोन्ही कानांत यंत्रं. म्हणाले, "आवाज भरपूर येतोय हो, शब्द येत नाहीत." मी म्हटलं, "पुढच्या वेळी आणखी मोठा ठेवतो." ते नुसते हसले आणि निघून गेले. पुढे माझ्याच कानांची तपासणी झाली, उजव्या कानात यंत्र आलं, तेव्हा कुठे त्या हसण्याचा अर्थ लागला.

सभागृह, नाट्यगृह, प्रार्थनास्थळ, सभेची खोली किंवा तिकीट-खिडकी यांपैकी एखाद्या जागेची जबाबदारी तुमच्याकडे असेल आणि तिथे श्रवणयंत्र लावणाऱ्यांसाठी काही सोय करायची असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

मोठा आवाज का पुरत नाही

वयानं किंवा सततच्या गोंगाटानं ऐकू येणं कमी होतं तेव्हा बहुधा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. बोलण्याचा जोर स्वरांमध्ये असतो आणि अर्थ मुख्यतः व्यंजनांमध्ये. "साठ" म्हटल्यावर त्यातला "स" गेला की उरतं "आठ". आवाज वाढवला की "आठ" मोठ्यानं ऐकू येतं, एवढंच.

दुसरी अडचण अंतराची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलनं उतरते. बंद सभागृहात ती तितकी उतरत नाही, पण तिची जागा भिंतींवरून, छतावरून परतलेला घुमारा घेतो. त्यात पंखे, एसी, खुर्च्यांची करकर, शेजारच्याची कुजबुज. चांगल्या कानांचा माणूस या गलक्यातून हवं ते निवडून घेतो. श्रवणयंत्राच्या माइकला ते फारसं जमत नाही, तो सगळंच मोठं करून देतो. बोलणारा मीटर-दोन मीटरवर असेल तोवर यंत्र उत्तम चालतं, त्यापुढे त्याची दमछाक सुरू होते.

म्हणजे श्रोत्याचा कान वक्त्याच्या तोंडापाशी नेऊन ठेवायचा, मधली हवा वगळायची, हेच आपलं काम. पुढे येणारी सगळी तंत्रं तेवढंच करतात, फक्त वाटा वेगळ्या.

आधी खोली फिरा आणि कोण कुठून बोलतं ते लिहून काढा

कॅटलॉग उघडण्याआधी एक चालू कार्यक्रम मागच्या रांगेत बसून ऐका. हातात कागद ठेवा. व्यासपीठावरून कोण बोललं, माइक होता का, तो तोंडापासून किती लांब होता, प्रश्न विचारणारा प्रेक्षक कुठून बोलला, अध्यक्षांनी "मला माइकची गरज नाही, माझा आवाज खणखणीत आहे" असं किती वेळा म्हटलं, सगळं टिपा.

हा कागद सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण जे माइकमध्ये गेलं नाही ते कुठल्याच यंत्रणेतून बाहेर येत नाही. महागडी यंत्रणा बसवूनही सभा फुकट गेलेल्या मी पाहिल्या आहेत. दर वेळी कारण एकच: पाच जणांच्या चर्चेत दोन माइक. माझा सल्ला विचाराल तर पैसे मोजके असतील तेव्हा आधी माइक वाढवा, श्रवण-यंत्रणा त्यानंतर. प्रश्नोत्तरांसाठी एक हातातला माइक फिरता ठेवा. तो पोचेपर्यंत प्रश्न विचारू द्यायचा नाही, आणि विचारलाच तर सूत्रसंचालकानं तो माइकवर पुन्हा सांगायचा.

याच फेरीत आणखी एक गोष्ट तपासा. श्रवणयंत्र "टी"वर (चुंबकीय क्षेत्र पकडण्याच्या प्रोग्रामवर) ठेवून, किंवा लूप (जमिनीलगत तार फिरवून केलेली यंत्रणा, तिच्याबद्दल पुढे येतंच) तपासण्याचा छोटा रिसीव्हर घेऊन, सगळ्या रांगांतून चाला. "घूंऽऽ" असा आवाज कुठे येतो ते बघा. विजेची पॅनेल, रंगमंचाच्या दिव्यांचे डिमर, फेज आणि न्यूट्रल वेगवेगळ्या वाटांनी नेलेली जुनी वायरिंग, हे नेहमीचे गुन्हेगार. घूं फार असेल तर लूप घेण्याआधी वायरमन बोलवावा लागेल, किंवा सरळ दुसरं तंत्र निवडावं लागेल.

चार वाटा

पहिली इंडक्शन लूप. जमिनीत किंवा जमिनीलगत तार फिरवलेली असते, तिच्यातून बोलण्याच्या चढउतारांप्रमाणे विद्युतप्रवाह वाहतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि श्रवणयंत्रातली इवलीशी टी-कॉइल ते पकडते. तंत्र जुनं आहे. ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३७ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. इतकी वर्षं ते टिकलं याचं कारण साधं: श्रोत्याला काही मागावं लागत नाही, गळ्यात काही अडकवावं लागत नाही. यंत्राचं बटण दाबायचं आणि बसायचं. "टी"वर यंत्राचा स्वतःचा माइक बंद होतो, त्यामुळे शेजारची कुजबुज गायब. "एमटी" असेल तर माइक आणि कॉइल दोन्ही चालू राहतात, शेजारी बसलेल्या बायकोचंही ऐकू येतं. हा फायदा आहे की तोटा हे ज्याचं त्यानं ठरवावं.

दुसरी इन्फ्रारेड. अदृश्य प्रकाशावर आवाज जातो आणि श्रोत्याला रिसीव्हर द्यावा लागतो. भिंतीपलीकडे काही जात नाही, म्हणून न्यायालयं, गोपनीय बैठका किंवा लागून असलेली अनेक प्रेक्षागृहं यांना ती सोयीची. मात्र रिसीव्हर खिशात टाकला, शालीखाली गेला की आवाज बंद. उघड्यावर, कडक उन्हात ती निरुपयोगी.

तिसरी रेडिओची, म्हणजे एफएम किंवा डिजिटल. बसवायला सोपी, लांबवर पोचते, मैदानातही चालते. ती भिंतीतूनही जाते, तेव्हा शेजारच्या दालनाचा चॅनेल वेगळा ठेवावा लागतो आणि गुपित काही बोलायचं नाही हे लक्षात ठेवावं लागतं. कुठल्या फ्रिक्वेन्सी वापरायला परवानगी आहे हे देशागणिक बदलतं, ते विकत घेण्याआधी बघा.

चौथी वायफाय. श्रोता आपल्या फोनवर अॅप उघडून ऐकतो. रिसीव्हर सांभाळायला नकोत म्हणून व्यवस्थापकांना ती फार आवडते. मला तितकीशी नाही. आवाज उशिरा पोचतो. ४०-५० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की स्पीकरमधून आलेला शब्द आणि फोनमधून आलेला शब्द वेगवेगळे ऐकू यायला लागतात, आणखी वाढलं की ओठांशीही मेळ बसत नाही. शिवाय ऐंशीच्या घरातल्या माणसानं अंधारात अॅप उतरवून, नेटवर्क बदलून नाटक बघावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे. मूळ सोय म्हणून नव्हे, जोडीला असू द्या.

ब्लूटूथचं ऑराकास्ट ही या रांगेतली नवी वाट. २०२२ मध्ये हे नाव जाहीर झालं. एकच ट्रान्समीटर कितीही श्रवणयंत्रांना, इअरबड्सना एकाच वेळी ऐकवू शकतो, जोडी जुळवण्याची भानगड नाही. चांगली गोष्ट आहे, नव्या यंत्रांत ती हळूहळू येतेही आहे. पण माणसं श्रवणयंत्र फोनसारखं दर दोन वर्षांनी बदलत नाहीत. आज फक्त ऑराकास्ट बसवलंत तर कानात जुनी यंत्रं असलेले सगळे बाहेर राहतील. नवीन बांधकाम असेल तर दोन्हींची तरतूद ठेवा, आणि लूप असेल तर तो काढू नका.

खुर्च्या ठरलेल्या असतील, तीच माणसं वारंवार येत असतील, तर मी लूपकडे झुकतो. जागा भाड्याची असेल किंवा मांडणी रोज बदलत असेल तर रेडिओ. गुप्तता हवी असेल तर इन्फ्रारेड.

लूप बसवताना

"तार फिरवायची, त्यात काय मोठंसं" असं म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

पहिली गोष्ट लोखंडाची. काँक्रीटमधल्या सळ्या, धातूचं फॉल्स सीलिंग, उंचावलेल्या फरशीचे सांगाडे हे चुंबकीय क्षेत्र खाऊन टाकतात, आणि वरच्या पट्टीतलं जास्त खातात. म्हणजे आधीच कमजोर झालेले "स", "श", "फ" इथे पुन्हा मार खातात. खोलीच्या कडेनं एकच वेढा दिला तर कडेच्या खुर्च्यांना ठीक ऐकू येतं आणि मधल्या रांगा कोरड्या राहतात. म्हणून तार टाकण्याआधी तात्पुरता लूप पसरून, मीटरनं मोजून बघायचं. नुकसान जास्त दिसलं तर एका मोठ्या वेढ्याऐवजी अरुंद पट्ट्यांचे अनेक वेढे टाकतात आणि दोन संच एकमेकांवर सरकवून, त्यांतल्या प्रवाहांच्या फेजमध्ये, म्हणजे चढउताराच्या वेळेत, फरक ठेवून चालवतात. याला फेज्ड अॅरे म्हणतात. खर्च वाढतो, तार वाढते, पण मधली रांग ऐकू लागते.

याच रचनेचा दुसरा उपयोग गळती रोखण्यासाठी होतो. साध्या वेढ्याचं क्षेत्र खोलीच्या बाहेर, वर आणि खालीही पसरतं. वरच्या मजल्यावर दुसरा लूप असेल तर तिथल्या श्रोत्याला खालचं व्याख्यान आणि वरचं कीर्तन एकत्र ऐकू येईल.

उंचीचंही गणित आहे. तार नेमकी कानाच्या पातळीवर नको, तिच्या खाली किंवा वर हवी. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर धरतात, उभ्याचा १.७ मीटरवर. बाल्कनी असेल तर तिचा लूप वेगळा, खालच्याच्या भरवशावर ती सोडायची नाही.

साधा स्पीकरचा अॅम्प्लिफायर लूपला जोडू नका. वरच्या फ्रिक्वेन्सीला तारेचा विरोध वाढत जातो, त्यामुळे त्या आवाजांचा प्रवाह घटतो. लूप ड्रायव्हर हा तारेत ठरलेला प्रवाह ढकलणारा अॅम्प्लिफायर असतो, आणि हळू-मोठ्या बोलण्याची पातळी आपोआप सावरतो. ड्रायव्हरपासून लूपपर्यंतच्या जोडतारा एकमेकींना पीळ देऊन न्या, नाहीतर वाटेतही क्षेत्र तयार होत राहील. रंगमंचाखालून लूप नेणं टाळा. इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप म्हणजे शेवटी कॉइलच. एका कार्यक्रमात गिटारमधून निवेदकाचा आवाज येत होता, आणि गिटारवाला मिक्सरवरच्या माझ्याकडे रागानं बघत होता. तार मी टाकली नव्हती, पण ते त्याला कोण सांगणार?

काम झाल्यावर कंत्राटदाराकडून मोजमापांचा कागद घ्या. आंतरराष्ट्रीय मानक आहे आयईसी ६०११८-४. त्यातल्या तीन गोष्टी विचारा. बोलण्याच्या शिखरांना क्षेत्राची ताकद ४०० मिलिअँपिअर प्रति मीटरपर्यंत पोचते का? १०० ते ५००० हर्ट्झ या टप्प्यात चढउतार ३ डेसिबलच्या आत आहे का? आणि लूप बंद असताना पार्श्वभूमीची घूं त्या ४००च्या पातळीपेक्षा किती खाली आहे? ४७ डेसिबल खाली असेल तर उत्तम, ३२ डेसिबलही खाली नसेल तर ऐकणाऱ्याला त्रास होईल. हे आकडे एकाच खुर्चीवरचे नकोत. कोपरे, मध्य, शेवटची रांग, सगळीकडचे हवेत. "ऐकलं, छान येतंय" हे मोजमाप नाही.

मिक्सरवर वेगळी वाट

इथे माझ्याच व्यवसायातले लोक चुकतात. मुख्य स्पीकरला जाणारा आवाज उचलून लूपला दिला की झालं, असं वाटतं. पण स्पीकरचा मिक्स त्या खोलीसाठी बनवलेला असतो. निवेदकाचा आवाज खणखणीत असेल तर मी त्याचा माइक कमी ठेवतो, कारण तो तसाही ऐकू येतो. लूपवरच्या माणसाला मात्र तो ऐकूच येत नाही. त्याच्यापर्यंत फक्त तारेतलं पोचतं.

म्हणून मिक्सरची एक ऑक्झिलरी वाट, म्हणजे वेगळा मिक्स बाहेर काढणारा जादा मार्ग, फक्त श्रवण-यंत्रणेसाठी राखा. तीत बोलणं पुढे, वाद्यं मागे. कृत्रिम रिव्हर्ब (घुमारा) अजिबात नको. स्पीकरचा मुख्य फेडर खाली आला तरी ही वाट चालू राहायला हवी. प्रेक्षागृहाकडे तोंड केलेल्या एका माइकचा अगदी थोडा आवाज तीत मिसळा, म्हणजे हशा आणि टाळ्या कळतात. ते नसेल तर माणूस काचेच्या पेटीत बसल्यासारखा होतो: सगळे हसतायत, का ते ठाऊक नाही. आणि कार्यक्रमात एकदा तरी हेडफोन लावून ही वाट स्वतः ऐका. मी दहा वर्षं ऐकली नव्हती.

रिसीव्हर किती, कसे

इन्फ्रारेड किंवा रेडिओ घेतलं तर रिसीव्हर लागणार. किती, याचा आपल्याकडे काही ठोकताळा नसेल तर अमेरिकेच्या अपंग-सुलभतेच्या २०१० च्या नियमांतलं गणित कामाला येतं. ५० आसनांपर्यंत किमान २. ५१ ते ५०० आसनांना २, अधिक ५० च्या वरच्या दर २५ आसनांमागे १. म्हणजे ३०० खुर्च्यांच्या सभागृहाला १२. त्यांतले किमान चौथा हिस्सा, आणि दोनपेक्षा कमी नाहीत इतके, श्रवणयंत्राशी जुळणारे हवेत. ३०० खुर्च्यांत असे ३.

जुळणारे म्हणजे नेकलूपवाले. नेकलूप गळ्यात माळेसारखा घालतात, तो रिसीव्हरमधला आवाज चुंबकीय करून थेट टी-कॉइलला देतो. कानात खुपसायचे इअरफोन ठेवलेत तर श्रोत्याला आपलं यंत्र काढून हातात धरावं लागतं. ते यंत्र त्याच्या कानाच्या तपासणीनुसार लावलेलं असतं, तेच काढून टाकायला सांगणं म्हणजे चष्मा काढून वाचा म्हणण्यासारखं. ज्यांच्याकडे यंत्र नाही किंवा यंत्रात टी-कॉइल नाही, त्यांच्यासाठी कानावरून बसणारे हेडफोन ठेवा. लूप बसवलेल्या ठिकाणीही असे दोन-चार लूप-रिसीव्हर असू द्या. कानाच्या आत पूर्ण लपणाऱ्या छोट्या यंत्रांत बहुधा कॉइलला जागाच नसते.

खिडकीपाशी

तिकीट, चौकशी, औषधं, बँक अशा खिडक्यांना छोटा लूप पुरतो. काउंटरखाली चिकटवलेली पट्टी, एक लहान ड्रायव्हर आणि आतल्या माणसाच्या तोंडासमोर माइक. जाड काच, मागे रांगेचा गोंगाट आणि समोर आकडे बोलणारा माणूस: "साठ"चं "आठ" होण्याची सगळ्यात पक्की जागा हीच.

एका खिडकीवर कानाची छान निळी पाटी होती. मी "टी"वर गेलो, सगळं शांत. मोठ्यानं विचारलं तर आतल्या मुलीला त्या पेटीचं नावही ठाऊक नव्हतं. शोधाशोध केल्यावर तिनं टेबलाखाली वाकून बघितलं आणि ओशाळून म्हणाली, "काका, या प्लगला आम्ही मोबाइल चार्जिंगला लावतो." तिचा काही दोष नव्हता, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी खिडकीच्या यंत्रणेचा वीजजोड बटणाशिवाय, थेट करून घ्यायला सांगतो.

पाटी आणि माणसं

कान आणि त्यावरून तिरकी गेलेली रेघ हे आंतरराष्ट्रीय चिन्ह. लूप असेल तर सोबत "टी" अक्षर. ते प्रवेशद्वारावर, तिकीट-खिडकीवर, निमंत्रणपत्रिकेवर आणि संकेतस्थळावर हवं. सभागृहाच्या आत पोचल्यावर कळून काय उपयोग, माणूस घरूनच ठरवतो जायचं की नाही. लूप सगळ्या रांगांना पुरत नसेल तर कुठल्या खुर्च्यांवर चालतो त्याचा नकाशा लावा.

दारावरच्या माणसाला तीन वाक्यं शिकवा: आपल्याकडे कुठली यंत्रणा आहे, रिसीव्हर कुठे मिळतो, तो चालू कसा करायचा. ओळखपत्र ठेवून घेण्याची पद्धत शक्यतो नको. माणसं हक्काची वस्तूही मागायला लाजतात, त्यात ही अट घातली की मागतच नाहीत. मग वर्षअखेरीला कुणीतरी म्हणतं, "या यंत्रणेला मागणीच नाही."

श्रोत्यांसाठीही एक सूचना. तुमच्या यंत्रात टी-कॉइल असूनही ती सुरू केलेली नसेल, असं सर्रास आढळतं. श्रवणतज्ज्ञाला विचारा आणि तिचा वेगळा प्रोग्राम टाकून घ्या. कॉक्लिअर इम्प्लांटच्या (शस्त्रक्रियेनं कानात बसवलेल्या श्रवण-साधनाच्या) पुष्कळ प्रोसेसरमध्येही ती असते.

आणि यातली कुठलीही यंत्रणा कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना बोलणं ऐकून समजत नाही, त्यांना पडद्यावर उमटणारा मजकूर किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषा लागतो. लूप बसवला म्हणजे ती जबाबदारी संपत नाही.

दर आठवड्याची दहा मिनिटं

यंत्रणा मरते ती कुणाला कळत नाही, कारण ती ऐकणारे संख्येनं थोडे आणि तक्रार करणारे त्याहून थोडे. गालिचा बदलताना खिळा तारेत जातो. मिक्सर बदलला की ऑक्झिलरीची वायर कुणीतरी "ही कशाची?" म्हणत काढून ठेवतं. रिसीव्हरच्या बॅटऱ्या कपाटात फुगून बसतात.

म्हणून एक वही ठेवा आणि एका माणसाचं नाव तिच्यावर लिहा, समितीचं नको. दर आठवड्याला, आणि मोठ्या कार्यक्रमाआधी तर हटकून, त्यानं ड्रायव्हरचा दिवा बघायचा, रिसीव्हर एकेक करून चालू करायचे, इअरपॅड पुसायचे. मग एकानं प्रत्येक माइकवर जाऊन सात, आठ, साठ असे आकडे उलटसुलट क्रमानं हळू आवाजात वाचायचे. दुसऱ्यानं लूपचा रिसीव्हर आणि हेडफोन लावून शेवटच्या रांगेत, व्यासपीठाकडे पाठ करून बसायचं आणि ऐकू येईल तो आकडा वहीत लिहायचा. जिथे "साठ"चं "आठ" लिहिलं गेलं, तो माइक आणि ती खुर्ची लाल पेनानं नोंदवायची आणि कार्यक्रमाआधी दुरुस्त करायची.